परसातील जुन्या झाडांची छाटणी व निगा

कोकणातील घर म्हटले की पुढे अंगण, मागे परस, आणि त्या परसात आजोबा-पणजोबांच्या हातचा एखादा रायवळ आंबा, एखादा फणस, चार-दोन माड व न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला शेवगा, हे चित्र ठरलेलेच असते. बागेतील कलमांच्या वाट्याला खत, फवारणी व राखण येते. परसातील झाडांकडे मात्र फळे उतरविण्याचे चार दिवस सोडल्यास सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते जाते वादळ येऊन गेल्यावर. दिनांक ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड जिल्ह्यात व रत्नागिरीच्या उत्तरेकडील दापोली-मंडणगड भागात नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि घराशेजारची झाडे छपरांवर कोसळली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ किनाऱ्यालगतून उत्तरेकडे गेले. या दोन वर्षांनंतर घरोघरी एकच प्रश्न उभा राहिला : परसातील जुने झाड ठेवावे की तोडावे ?

पुष्कळांनी यातून मधला मार्ग म्हणून झाडाचा शेंडा उडविला. झाड राहिले आणि भीतीही गेली, असे त्यांस वाटले. वस्तुतः हा मार्ग मधला नाही. आज ठेंगणे दिसणारे ते झाड पाच-सात वर्षांनी पूर्वीहून अधिक धोक्याचे होते. असे का होते हे समजून घेण्यासाठी झाड आपल्या जखमेचे काय करते, ते प्रथम पाहिले पाहिजे.

जखम भरत नाही, कोंडली जाते

माणसाच्या किंवा गुराच्या अंगावरील जखम भरून येते, म्हणजे नासलेल्या मांसाच्या जागी नवे मांस येते. झाडाचे तसे नाही. झाडाचे एकदा कुजलेले लाकूड पुन्हा कधीही निरोगी होत नाही. झाड फक्त त्या कुजक्या भागाभोवती अडसर उभे करते आणि बाहेरून नव्या लाकडाचे व सालीचे थर चढवून तो भाग आत कोंडून टाकते. अमेरिकेच्या वन विभागातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी-आडवी चिरून ही गोष्ट १९७० नंतरच्या दशकात सविस्तर मांडली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हे अडसर चार प्रकारचे असतात. कुजणे खोडात वर-खाली पसरू नये म्हणून असलेला अडसर सर्वांत दुबळा. गाभ्याकडे जाऊ न देणारा त्याहून बरा. बाजूला पसरू न देणारा आणखी बळकट. आणि जखम झाल्यानंतर वाढलेल्या नव्या लाकडाच्या सीमेवरचा अडसर सर्वांत भक्कम. जुन्या आंब्याचा बुंधा आतून पोकळ व बाहेरून धडधाकट कसा असू शकतो, याचा उलगडा यावरून होतो.

हे अडसर बांधण्यास जिवंत पेशी व साठविलेले अन्न लागते. सालीलगतच्या बाहेरील लाकडात जिवंत पेशी असतात. जून झालेल्या गाभ्यात त्या नसतात. यास्तव मनगटाएवढी फांदी काढल्यास झाडाला ती जागा कोंडणे सहज साधते. मांडीएवढी फांदी काढल्यास उघडा पडलेला गाभा झाडाला राखता येत नाही व तेथून ढोली सुरू होते. छाटणी करणाऱ्याने हा भेद मनात पक्का ठेवावा. सुमारे चार इंचांहून जाड जिवंत फांदी काढण्याचा प्रसंग शक्यतो येऊच देऊ नये. तशी फांदी छपरावर झुकली असेल, तर ती बुडातून न काढता, तिच्याच एखाद्या उपफांदीपर्यंत मागे घ्यावी. ही उपफांदी मूळ फांदीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकी जाड असावी, म्हणजे पुढे तीच शेंड्याचे काम करते व उरलेला भाग वाळत नाही.

काप कोठे व कसा घ्यावा

फांदी खोडाला जेथे मिळते तेथे बारकाईने पाहिल्यास दोन खुणा आढळतात. वरच्या बाजूस, बेचक्यात, साल दोन्हीकडून चेपली जाऊन उचललेली काळपट सुरकुती असते. आणि खालच्या बाजूस फांदीच्या बुडाभोवती किंचित फुगीर कडे असते. हे कडे फांदीचे नसून खोडाचे आहे, आणि जखम कोंडणारे लाकूड येथूनच वाढते. यास्तव काप सुरकुतीच्या बाहेरून सुरू करून कड्याच्या लगत बाहेर संपवावा. कड्याला करवत लागता कामा नये.

आपल्याकडे दोन चुका सर्रास होतात. कोयत्याने काम करणारा मनुष्य वीत-दीड वीत खुंट ठेवून देतो. तो खुंट वाळतो, कुजतो व कुजणे आत नेतो. याच्या उलट, नीटनेटकेपणाची हौस असलेला मनुष्य खोडाशी अगदी सपाट काप घेतो. तो दिसावयास सुंदर असतो. परंतु त्यात कडे कापले जाते आणि फांदीची जखम खोडाची जखम होऊन बसते. काप बरोबर होता की नाही, हे वर्षभराने झाडच सांगते. जखमेभोवती सालीची वळी सर्व बाजूंनी सारखी, बांगडीसारखी आली असेल, तर काप योग्य होता. वळी फक्त दोन्ही कडांना आली व वर-खाली जागा उघडी राहून डोळ्यासारखा आकार झाला, तर काप खोडात गेला होता असे समजावे.

जड फांदी एका दमात कापू नये. ती अर्धी कापली जाताच स्वतःच्या वजनाने खाली येते आणि जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. यावर उपाय तीन कापांचा. पहिला काप खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत घ्यावा. दुसरा काप त्याच्या इंच-दोन इंच बाहेर, वरून घ्यावा. त्यासरशी फांदी साल न सोलता तुटून पडते. मग उरलेला हलका खुंट एका हाताने धरून तिसरा काप कड्याच्या बाहेर सावकाश घ्यावा. खाली छप्पर, गोठा किंवा विहीर असेल, तर फांदी आधी वरच्या बळकट बेचक्यातून घेतलेल्या दोरखंडाला बांधून हळूहळू उतरवावी. या कामास धारदार करवत हवी. कोयता व कुऱ्हाड अंगठ्याएवढ्या डहाळ्या आणि पडलेली फांदी तोडण्यासाठी ठेवावी.

वाळलेल्या फांदीच्या बुडाभोवती पुष्कळदा जिवंत सालीची वळी बरीच पुढे सरकलेली असते. अशा वेळी फक्त वाळलेला भाग काढावा व वळीला धक्का लावू नये, मग खुंट थोडा लांब राहिला तरी चालेल.

कापावर काय लावावे, हा प्रश्न प्रत्येक गावी विचारला जातो. डांबर, शेण, रंग यांपैकी कशानेही आतले कुजणे थांबत नाही. डांबराखाली तर ओल कोंडून राहते. तथापि आंब्याच्या ताज्या कापावर व आजूबाजूच्या सालीवर पावसाळी हवेत बुरशी वाढू नये, एवढ्याकरिता बोर्डोमलमाचा पातळ हात देण्याची शिफारस आहे व ती पाळावी. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात, मातीच्या किंवा प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून, दोन्ही एकत्र ढवळावे. त्यात लोखंडी विळा क्षणभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढल्यास चुना थोडा वाढवावा. मलम त्याच दिवशी वापरावा. मात्र मलम लावला म्हणून काप कोठेही घेतलेला चालतो, असा समज कोणी करून घेऊ नये.

शेंडा उडविण्याने काय होते

झाडाचे अन्न पानांत तयार होते. शेंडा उडविणे म्हणजे बहुतेक सर्व पाने एका दिवसात काढून टाकणे होय. झाडाला अन्नाची गरज सर्वांत अधिक असते, तेव्हाच त्याचे स्वयंपाकघर बंद होते. इतकी वर्षे सावलीत असलेली वरची साल उन्हाने भाजून तडकते. मुळांना अन्न कमी पडते व त्यांतील काही मरतात. मग झाड जीव वाचविण्यासाठी प्रत्येक तुटक्या खुंटाभोवती झुपक्याने फुटवे काढते. लोक म्हणतात, झाड जोमाने फुटले. खरी गोष्ट अशी की साधी फांदी खोडाच्या लाकडात वर्षानुवर्षे रुजत वाढलेली असते, तर हे फुटवे केवळ बाहेरच्या थराला चिकटलेले असतात आणि त्यांच्या खालचा खुंट कुजत जातो. पाच-सात वर्षांत ते पूर्वीची उंची गाठतात, जाड होतात आणि मोठ्या वाऱ्यात मुळासकट उचकटून पडतात. घरमालक मात्र आपण बंदोबस्त केला आहे अशा समजुतीत त्यांच्याखाली निजलेला असतो.

शेंडा पूर्वीच उडविला गेला असेल, तरी झाड हातचे गेले असे नाही. प्रत्येक खुंटावरील फुटव्यांपैकी योग्य जागी असलेले एक-दोन जोमदार फुटवे राखावे व बाकीचे दोन-तीन वर्षांत थोडे थोडे करून काढावे.

वाऱ्याचा भार कमी करावयाचा तर तो घेराच्या बाहेरील बाजूने, बारीक फांद्या विरळ करून करावा. येथेही एक फसगत संभवते. झाडावर चढलेल्या माणसाला आतल्या फांद्या हाताशी लागतात, म्हणून तो त्या सगळ्या साफ करतो आणि फांदीच्या टोकाला तेवढा पानांचा झुबका ठेवतो. अशी फांदी वाऱ्यात मासे धरण्याच्या गळासारखी वाकते व मोडते. एका वर्षी जिवंत पानोऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये. झाड फार जुने किंवा आजारी असल्यास त्याहूनही कमी. वाळलेल्या, मोडून लटकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व रोगट फांद्या प्रथम काढाव्या. एवढे झाल्यावर पुष्कळदा आणखी काही काढण्याची गरजच उरत नाही.

मजुरीविषयी येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लाकडाच्या मोबदल्यात छाटणी करून देण्याचा व्यवहार खेड्यापाड्यांत रूढ आहे. घरमालकाचे पैसे वाचतात. पण लाकूड हीच ज्याची मजुरी, त्याची करवत बारीक वाळक्या फांद्यांकडे न जाता जाड व निरोगी फांद्यांकडेच जाणार, हे उघड आहे. मजुरी रोख द्यावी, काढावयाच्या फांद्यांना आदल्या दिवशी चुन्याची खूण करावी व लाकूड घरात ठेवावे. चढणाऱ्याने कमरेचा दोर कापावयाच्या फांदीला न बांधता वरच्या बळकट फांदीला बांधावा. ओल्या सालीवर चढू नये. जवळून विजेची तार जात असेल, तर वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी प्रवाह बंद केल्यावाचून फांदीला हात लावू नये. ओल्या फांदीतून वीज वाहते.

झाडागणिक व ऋतूगणिक

वाळलेली व लटकती फांदी कोणत्याही महिन्यात काढावी; पावसापूर्वी, मे महिन्याच्या मध्यापर्यंत, हे काम आटोपलेले असावे. आंब्याच्या जाडसर जिवंत फांद्या पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढाव्या. त्या फांद्यांवरील त्या वर्षाचा मोहोर बुडतो, हे धरूनच चालावे. फळे उतरविल्यानंतरची हलकी विरळणी मात्र लगेच उरकावी.

फणसाची फळे खोडावर व जाड फांद्यांवर लागतात. तेथील जुन्या देठांचे लहान खुंट कुरूप दिसतात म्हणून कोणी ते तासून काढतात. पुढील वर्षाची फळे बहुधा तेथूनच येतात, म्हणून ते राखावे. चिकूला छाटणीची गरज जवळजवळ नसते. त्याची वाढ मंद असते व काढलेली फांदी लवकर भरून निघत नाही. शेवगा या सर्वांस अपवाद होय. त्याचे लाकूड ठिसूळ व वाढ भरमसाट असते. शेंगा संपल्यावर तो दरवर्षी मागे छाटला तरच शेंगा हाताशी राहतात.

माडाला फांद्या नसतात. त्याचा एकमेव कोंब शेंड्यात असतो आणि तो गेला की माड गेला. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय येते. हिरवी झावळी तोडणे म्हणजे नारळाची एक पेंड तोडण्यासारखेच आहे. तेव्हा आपोआप वाळून लोंबणाऱ्या झावळ्याच काढाव्या. सफाई करताना शेंड्याजवळ भोके किंवा चघळलेला चोथा दिसल्यास गेंड्या भुंग्याचा संशय घ्यावा आणि परसातील शेणाचा उकिरडाही उपसून पाहावा, कारण त्याच्या अळ्या तेथे वाढतात.

आंब्यावरील बांडगूळ उपटून किंवा वरवर कापून जात नाही, कारण त्याचा शिरकाव फांदीच्या लाकडात झालेला असतो. ते फळे धरण्यापूर्वी, चिकटल्या जागेच्या फूट-दीड फूट मागून, फांदीसह काढावे. पक्षी त्याच्या चिकट बिया एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे शेजाऱ्यांनी मिळून हे काम केल्यास उपयोग होतो. सीतेची वेणी मात्र बांडगूळ नव्हे. ती सालीवर केवळ बसलेली असते, झाडाचा रस घेत नाही. तिला खुशाल फुलू द्यावे.

बुंध्यातून भुसा व लाकडाचे तंतू बाहेर पडत असतील, तर आत भिरूड आहे असे समजावे. तारेचा आकडा भोकात घालून अळी बाहेर ओढावी व भोक चिखलाने बुजवावे. उपद्रव मोठा असल्यास औषधाबाबत तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

जमिनीखालचे झाड

परसातील झाडे वादळात पडतात त्याचे कारण पुष्कळदा वर नसून खाली असते. झाडाला पोसणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या फूट-दोन फूट थरात असतात आणि घेराच्याही बाहेर पसरतात. नळाचा चर, शौचालयाची टाकी, कुंपणाचा पाया यांसाठी बुंध्यालगत खणले की एका बाजूची जाड मुळे तुटतात. झाड दोन-तीन वर्षे हिरवेगार दिसते आणि मग एका रात्री पडते. चर शक्य तितका दूर घ्यावा. नाइलाज झाल्यास मुळे न तोडता त्यांच्या खालून नळ न्यावा.

अंगणाला शोभा यावी म्हणून आंब्याभोवती पार बांधून त्यात दोन-तीन फूट माती भरण्याची चाल अलीकडे वाढली आहे. वड-पिंपळ हे सहन करतात. आंब्याच्या मुळांची हवा तुटते व मातीखाली गेलेली बुंध्याची साल कुजते. काँक्रीटने अंगण बांधून काढण्याचा परिणाम तसाच होतो. पार हवाच असेल, तर तो बुंध्यापासून दूर, आत माती न भरता बांधावा. पातेरा बुंध्याशी गोळा करून पेटविणे ही तर रोजची चूक आहे. त्या धगीने साल आतून मरते व ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळते. तोच पातेरा घेराखाली चार बोटे जाडीने पसरावा, बुंध्यापासून मात्र वीतभर दूर ठेवावा. पावसाळ्याच्या आरंभी ४०-५० किलो कुजलेले शेणखत घेराच्या कडेने उथळ चर काढून द्यावे. बुंध्याशी ओतलेले खत वाया जाते. झोपाळ्याचा दोर व कपड्यांची तार खोडाला घट्ट आवळू नये.

ठेवावे की तोडावे

मूळ प्रश्नाचे उत्तर झाडाभोवती फिरून मिळते. झाड पूर्वीपासून वाकडे असेल व शेंडा वर वळलेला असेल, तर ते बहुधा त्या वाकण्याला सरावलेले असते. परंतु ते नुकतेच कलले असेल, कललेल्या बाजूच्या उलट जमिनीला भेग पडली असेल किंवा माती उचललेली दिसत असेल, तर घरातील माणसे त्या बाजूस निजवू नयेत व विलंब न लावता निर्णय घ्यावा. बुंध्याशी उगवलेल्या छत्र्या, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यातील उभी चीर व तेथून झिरपणारे पाणी, ही देखील वाईट लक्षणे होत.

ढोली दिसली म्हणजे झाड गेले असे नव्हे. पोकळ वासाही भार सोसतो. लाकडी हातोडीने बुंधा सर्व बाजूंनी ठोकून पाहावा व ढोलीत काठी घालून अंदाज घ्यावा. बाहेरील निरोगी लाकडाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी भरल्यास धोका मानावा, आणि ढोलीचे तोंड रुंद असल्यास त्याहून अधिक जाडीही अपुरी समजावी. ढोलीत सिमेंट भरू नये. वाऱ्यात खोड हलते, सिमेंट हलत नाही. दोहोंच्या मध्ये फट पडून पाणी साचते. साचलेले पाणी काढण्यासाठी बुंध्याला भोक पाडणेही टाळावे, कारण झाडाने बांधलेला अडसर त्याने फुटतो.

तोडावयाचेच ठरले, तर आंबा, फणस, चिंच, जांभूळ इत्यादी झाडे स्वतःच्या परसातील असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र अधिनियमाप्रमाणे आगाऊ परवानगी लागते. शहरी हद्दीत १९७५ चा अधिनियम लागू असून तेथे मोठी छाटणी करण्यापूर्वीही वृक्ष अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज लिहिण्यास मदत करावी, आणि त्याआधी झाड एकदा स्वतः पाहून यावे. तोडण्याच्या अर्जांपैकी काही अर्जांचे काम दोन फांद्या मागे घेतल्याने भागते.

छाटलेले लाकूड परसातच रचून ठेवण्याची सवय असते. भिरूड लागलेले ओंडके पाऊस सुरू होण्यापूर्वी फोडून चुलीत घालावे, कारण त्यांतून निघालेले भुंगेरे पावसाळ्यात उभ्या झाडांच्या सालीत अंडी घालतात.